खातेपानाचा रकाना

(नालासोपारा इथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



पत्रिकेवर माझा विषय 'आराखडा, नोटबुक आणि गुंतागुंतीचे दस्तऐवज' असा छापला आहे. तो वाचून काही मंडळी स्टेशनवरून परस्पर घरी गेली असतील, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. मला खरं म्हणजे दोन वह्यांबद्दल बोलायचं आहे. त्या इथे टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमतो त्या सरांच्या या वह्या. सरांच्या पत्नींनी, म्हणजे आपल्या काकूंनी, पितृपक्षात माळा आवरताना त्या काढल्या आणि 'तुझ्या कामाच्या आहेत का बघ' म्हणून माझ्याकडे पाठवल्या.

सर दिवसा एका पेढीवर हिशेब लिहीत आणि संध्याकाळी रात्रशाळेत पुस्तपालन शिकवत. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आमची गाठ पडायची ती स्टेशनच्या पुलावर, आणि बोलणं बहुतेक वेळा पाण्याचं. नालासोपाऱ्यात दुसरं काय बोलणार? मे महिन्यात पाणी नाही म्हणून आणि जुलैत पाणी हटत नाही म्हणून. या दोन वह्या त्याच पाण्याच्या आहेत. पहिली रोजकीर्द. त्यात दिवसाची नोंद त्या दिवशी: नळ किती वेळ आला, टँकर किती आले, पाऊस कसा, फाटकापाशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत. दुसरी खतावणी. त्यात तेच सगळं खात्यांप्रमाणे लावलेलं: 'नळ' एका पानावर, 'टँकर' दुसऱ्यावर, 'नाला' तिसऱ्यावर, 'वर्गणी' चौथ्यावर.

आणि दोन्ही वह्यांत एक अरुंद रकाना आहे, बोटभर रुंदीचा. रोजकीर्दीत त्याच्यावर लिहिलंय 'खा. पा.', म्हणजे खातेपान: ही नोंद खतावणीत कुठल्या पानावर गेली. खतावणीत त्याच जागी उलटा पत्ता: ही रक्कम रोजकीर्दीच्या कुठल्या पानावरून आली. वाणिज्य शाखेची मुलं हा रकाना पहिल्याच आठवड्यात शिकतात आणि परीक्षेत तो रिकामा सोडतात, कारण त्याला गुण नसतात. सर मात्र त्याचाच अर्धा गुण कापायचे. आज मी जे काही सांगणार आहे ते त्या बोटभर रकान्याबद्दल आहे.

माझी फजिती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्हाला धीर येईल. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतल्या सोसायट्यांनी मिळून पाण्याबद्दल एक निवेदन करायचं ठरवलं. निवेदन म्हणजे नुसतं पत्र नव्हे. टँकरच्या पावत्या, नळाच्या वेळा, बोअरची खोली, पावसात तुंबलेल्या दिवसांची यादी, फोटो, नकाशा, आलेख आणि शेवटी मागण्या. मी संख्याशास्त्राची बाई, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी वर्डमध्ये मजकूर लिहिला, एक्सेलमध्ये हिशेब केला, तिथला आकडा उचलून इथे चिकटवला. बासष्ट पानं झाली. एका कार्यालयात आम्ही सहा जण ती घेऊन गेलो. समोरच्या साहेबांनी पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "नवव्या पानावर एका महिन्याचे टँकर २१४ आहेत आणि एकेचाळिसाव्या पानावर त्याच महिन्याचे २४१. यातले खरे कुठले?"

मला सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळी पुलावर सरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, फरक किती?" सत्तावीस. "नऊने भाग जातो ना? मग आकडे उलटे पडलेत." हिशेबनीसांची ही जुनी खूण आहे. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. कुठल्या प्रकारची चूक आहे ते एका वाक्यात कळलं. पण २१४ खरा की २४१, हे कळायला पावत्यांच्या गठ्ठ्यापर्यंत परत जावं लागलं, आणि त्याला चार दिवस लागले. कारण माझ्या बासष्ट पानांत खातेपानाचा रकाना नव्हता. आकडा आला कुठून हे आकडा स्वतः सांगत नव्हता.

अशी चूक लहान लोकांच्याच हातून होते असं नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये देशांचं कर्ज आणि वाढ यांवर एक निबंध लिहिला, आणि तो जगभरच्या अर्थमंत्र्यांनी उचलून धरला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला त्यांची मूळ एक्सेल फाइल मिळाली, तेव्हा दिसलं की वीस देशांच्या सरासरीत वर्णानुक्रमातले पहिले पाच देश घेतलेच गेले नव्हते. सूत्र पाच ओळी अलीकडे थांबलं होतं. एकंदर वादात या एका चुकीचा वाटा छोटाच होता. खरी भांडणं इतर निवडींवर होती. पण तीन वर्षं ती कुणाला दिसली नाही, कारण छापलेल्या निबंधात सूत्र नव्हतं, नुसतं उत्तर होतं.

आता संगणकाकडे वळू.

गुंतागुंतीच्या दस्तऐवजाला संगणकाच्या जगात दोन वेगळ्या घराण्यांनी हात घातला. पहिलं घराणं आराखडेवाल्यांचं. मजकूर मुद्द्यांत लावायचा, मुद्द्याखाली उपमुद्दे, नको तेव्हा घडी घालायची, हवं तेव्हा उलगडायची, एखादा मुद्दा त्याच्या पोराबाळांसकट उचलून दुसरीकडे न्यायचा. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत हे करून दाखवलं. त्यांनी पडद्यावर बाजाराची यादी घेतली आणि ती घडी घालून गटांत लावली. माउस लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो त्याच दिवशी, म्हणून त्या सभेचं नाव माउसमुळे राहिलं. माझ्या मते ती घडी जास्त महत्त्वाची होती. लिहिणाऱ्याला बासष्ट पानं एकदम डोक्यात धरता येत नाहीत. सात शीर्षकं धरता येतात.

दुसरं घराणं नोटबुकवाल्यांचं. १९८८ मध्ये 'मॅथेमॅटिका' या प्रणालीबरोबर संगणकावरची अशी वही आली, जिच्यात चार ओळी गद्य, मग गणित, मग त्याखाली लगेच उत्तर आणि आलेख. पुढे फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयपायथन'मधून तशीच वही सर्वांसाठी फुकट झाली, आणि २०१४ पासून तिला 'जुपिटर' म्हणतात. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांच्या नावांतून ते नाव जुळवलं आहे. गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांच्या नोंदी ज्या वहीत केल्या तिचीही त्यात आठवण आहे. आज कॉलेजातल्या मुलांना आकडेमोड शिकवायची म्हटली की बहुतेक ठिकाणी हीच वही उघडतात. आपल्या पवईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' प्रकल्पाने तर पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं पायथनमध्ये चालवून अशा वह्यांच्या रूपात ठेवली. पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं, पण आकडा बदलला तर उत्तर बदलणारं.

या वहीचं मोठेपण एका प्रसंगाने कळतं. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वलहरींच्या पहिल्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी मोजमापं तर खुली केलीच, पण ती कशी चाळायची आणि लाटेची खूण कशी बाहेर काढायची हे दाखवणारी नोटबुकही सर्वांना दिली. पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर यांनी ज्या प्रकारच्या चाळणीवर कितीतरी आधीपासून काम केलं होतं, तिचं सोपं रूप एखादा बारावीचा मुलगा विरारच्या सायबर कॅफेत बसून चालवू शकत होता. मी स्वतः चालवलं. आलेखात ती छोटी उचकी दिसली तेव्हा मी एकटीच खोलीत उभी राहिले होते.

पण या वहीत एक खोट आहे. तिच्यातले तुकडे, त्यांना सेल म्हणतात, कुठल्याही क्रमाने चालवता येतात. आधी पाचवा, मग दुसरा, मग दुसरा बदलून परत, मग पाचवा पुसून टाकला. संगणकाच्या पोटात पाचव्याचं उत्तर राहतं, कागदावर पाचवा नसतो. वरून खाली वाचणाऱ्याला सगळं सुसंगत दिसतं आणि वरून खाली चालवणाऱ्याला ते चालत नाही. २०१९ मध्ये ब्राझील आणि अमेरिकेतल्या काही संशोधकांनी सार्वजनिक भांडारातल्या सुमारे चौदा लाख वह्या गोळा केल्या. त्यांतल्या चालवून पाहण्याजोग्या वह्या चालवल्या तर साधारण २४ टक्केच विनातक्रार शेवटपर्यंत गेल्या, आणि छापलेलंच उत्तर पुन्हा देणाऱ्या फक्त ४ टक्के निघाल्या. माझी बासष्ट पानं त्यांत नव्हती एवढंच.

क्रमाच्या या गोंधळावरून मला आपल्या गावाकडे यावंसं वाटतं. तुमच्यापैकी बहुतेकांनी बुरूड राजाचा कोट पाहिला आहे, निदान रिक्षातून. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. मधोमध एक दगडी पेटी मिळाली. पेटीत आठ धातूच्या बुद्धमूर्ती वर्तुळात, मधे तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा, आणि सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. सोन्याची फुलं होती, आणि एक चांदीचं नाणं. हे सगळं आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

घडी घातलेल्या आराखड्याचं याहून चांगलं चित्र मला सापडलेलं नाही. पण मला त्यातला क्रम जास्त मोहवतो. ठेवणाऱ्याने आतून बाहेर ठेवलं: आधी मातीचे तुकडे, मग सोनं, शेवटी दगडी झाकण. उकरणाऱ्याला ते बाहेरून आत मिळालं, नेमक्या उलट क्रमाने. आणि वाचणाऱ्याला तिसराच क्रम लागतो. त्याला आधी हवं की सोपारा कुठे, शूर्पारक म्हणून त्याचं नाव का होतं, कोट कशाला म्हणतात. मातीचे तुकडे त्याला मागाहून. तीन क्रम, आणि तिन्ही खरे. त्यात आणखी एक गाठ आहे. नाणं सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मूर्तींची घडण मात्र अभ्यासकांना आठव्या-नवव्या शतकातली वाटते. म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी पेटी उघडली, भर घातली आणि परत बंद केली. फाइल बदलली, पण बदलाची नोंद ठेवली नाही. आमच्या निवेदनात असंच झालं होतं. आमचे बदलणारे निदान जिवंत होते, त्यांना विचारता आलं.

त्याच वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, भातेला तळ्यापाशी अशोकाच्या शिलालेखाचा एक फुटका तुकडा मिळाला, तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्याच्यावरची अक्षरं तुटकी. पण तो आठव्या लेखाचा तुकडा हे भगवानलालांना ओळखता आलं, कारण अशोकाच्या मोठ्या शिलालेखांचा क्रम ठरलेला आहे; गिरनारला एकाच खडकावर चौदाही आहेत. भगवानलाल जुनागढचे, गिरनारच्या पायथ्याचे. तिथल्या लेखांवर ते तरुणपणापासून बसलेले. आठव्या लेखात राजा विहारयात्रा सोडून धर्मयात्रेला निघाल्याचं सांगतो. मूळ आराखडा ज्याच्या डोक्यात पक्का आहे त्याला चार शब्दांवरून जागा सापडते. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला आणि तो आठव्याच्या शेजारी जाऊन बसला. आराखडा नसता तर ते दोन फुटके दगड होते.

तर क्रमांकडे परत. संगणकाच्या जगात हे तीन क्रम वेगळे आहेत हे मोठ्याने सांगणारा पहिला माणूस डोनाल्ड क्नूथ. १९८४ मध्ये त्यांनी मांडलं की प्रोग्रॅम माणसाने वाचायला लिहावा, माणसाला समजेल त्या क्रमाने. यंत्राला लागणारा क्रम यंत्राने आपला आपण जुळवून घ्यावा. त्यासाठी त्यांनी दोन अवजारं केली. एक मजकूर विणून वाचकासाठी छापील पान तयार करतं. दुसरं तोच मजकूर पिंजून यंत्रासाठी प्रोग्रॅम काढतं. मूळ एकच. माझ्या मते आराखडा आणि नोटबुक एकत्र आणण्याचं सगळं तत्त्व यात आलं. बाकीच्या गोष्टी सोयीच्या.

सोयी मात्र फार देखण्या आहेत. कार्स्टन डॉमिनिक नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये 'ईमॅक्स' या मजकूर लिहिण्याच्या जुन्या प्रणालीत स्वतःच्या टाचणांसाठी 'ऑर्ग मोड' केला. साधी मजकुराची फाइल. शीर्षकाआधी एक चांदणी, उपशीर्षकाआधी दोन. टॅब दाबला की घडी, परत दाबला की उलगड. पुढे इतरांनी त्यात सोय केली की कुठल्याही शीर्षकाखाली पायथनचा, आरचा, कशाचाही तुकडा लिहावा, तिथेच चालवावा, आणि उत्तर त्याच्याखाली यावं. २०१२ मध्ये या सोयीवर चौघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. त्या चौघांपैकी एक टॉमस डाय, हवाईतला पुरातत्त्वज्ञ. जमिनीचे थर मोजणाऱ्या माणसाला हे अवजार हवंसं वाटलं, यात मला काही नवल वाटत नाही.

त्याच वाटेवर इतरही आहेत. एडवर्ड रीम यांच्या 'लिओ'त एकच मुद्दा दोन शीर्षकांखाली ठेवता येतो, आणि एका जागी बदलला की दोन्हीकडे बदलतो. जुपिटरच्या नव्या रूपातही शीर्षकांची अनुक्रमणिका बाजूला दिसते आणि भाग मिटवता येतात. माझा भाचा आयटीत आहे. तो म्हणतो, "मावशी, एवढ्यासाठी ईमॅक्स कशाला शिकलीस? जुपिटरमध्ये सगळं आलं आता." त्याचं अर्धं बरोबर आहे. जुपिटरची अनुक्रमणिका वाचायला चांगली आहे. पण मला दस्तऐवज वाचायचा नव्हता, लिहायचा होता. आणि लिहिताना शीर्षकं दिवसातून दहा वेळा हलतात. नोटबुक मुळात रोजकीर्द आहे, तिला खतावणीचं काम सांगितलं की ती अवघडते.

आता आमच्या निवेदनाचं काय झालं ते सांगते. मी ते मुळापासून परत लिहिलं. आधी नुसती शीर्षकं: 'येणारं पाणी', 'न येणारं पाणी', 'न जाणारं पाणी', 'पैसा', 'मागण्या'. आकडे शून्य. दोन आठवडे मी फक्त हीच शीर्षकं हलवत होते आणि सोसायटीतली मंडळी म्हणत होती, बाईंचं काम काही सुरू होत नाही. मग प्रत्येक शीर्षकाखाली आधी कच्चा माल. टँकरच्या पावत्यांचा तक्ता, एक ओळ एक पावती, आणि शेवटच्या रकान्यात पावतीचा क्रमांक. त्या तक्त्याला नाव दिलं: 'पावत्या'. त्याखाली चार ओळींचा पायथनचा तुकडा, जो 'पावत्या' हे नाव घेऊन महिन्याची बेरीज करतो. त्या बेरजेला परत नाव. नंतर मजकुरात जिथे जिथे 'त्या महिन्यात इतके टँकर' असं वाक्य येईल तिथे आकडा लिहायचाच नाही, ते नाव लिहायचं. छापताना आकडा तिथे येऊन बसतो. नववं पान आणि एकेचाळिसावं पान एकाच उत्तराला विचारतात. दोघांना वेगळं उत्तर मिळायची सोयच उरत नाही.

इथे थोडं थांबते, कारण सगळं बळ या नावांत आहे. नोटबुकची खोट ही की तुकडे एकमेकांशी यंत्राच्या पोटातून बोलतात, कुजबुजत, आणि वाचकाला ते ऐकू येत नाही. ऑर्ग मोडमध्येही तुकड्यांना एकच चालू सत्र देता येतं, आणि दिलं की तोच आजार लागतो. मी सत्र दिलं नाही. मग प्रत्येक तुकडा कोऱ्या पाटीने सुरू होतो आणि त्याला जे हवं ते नाव घेऊन, मोठ्याने मागावं लागतं: मला 'पावत्या' द्या, मला 'मे बेरीज' द्या. काम हळू होतं, हे कबूल. पण शीर्षक कुठेही हलवलं तरी हिशेब मोडत नाही. सरांच्या रकान्यात पानाचा आकडा असायचा, माझ्याकडे नाव आहे. फरक इतकाच की पान हललं तरी नाव हलत नाही.

एक छोटा पडताळा मी मुद्दाम घातला. सूर्या प्रकल्पाची प्रादेशिक पाणीयोजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची, त्यातले वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८. हे तीन आकडे आमच्या मजकुरात वेगवेगळ्या ठिकाणी येत होते. खाली एक ओळ लिहिली: शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्याएवढी नसेल तर छपाई थांबव. पहिल्याच दिवशी ती थांबली. कुणीतरी २१८ चे २८१ केले होते. नऊने भाग गेला.

मराठीत हे करताना गमतीही पुष्कळ. पायथनला देवनागरी आकडे कळतात; '२०१८' असा मजकूर संख्येत बदलायला दिला तर तो बरोबर बदलतो, आणि नावंही मराठी चालतात, म्हणून आमच्या हिशेबात खरोखर 'एकूण = नळ + टँकर' असं लिहिलेलं आहे. वसाहतीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांना तो तुकडा मी दाखवला, तेव्हा त्यांनी तो न शिकवता वाचला. पण आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला ऱ्हस्व वेलांटी कळत नव्हती. 'मिलिमीटर'मधल्या वेलांट्या आपल्या अक्षरांच्या पुढे जाऊन उभ्या राहायच्या, जोडाक्षरं फुटायची. शेवटी आलेखावर 'पाऊस' एवढंच लिहिलं, आणि एकक खाली मजकुरात. तक्त्यांच्या उभ्या रेघाही देवनागरीत सरळ येत नाहीत, अक्षरांच्या रुंदीचा अंदाज चुकतो. छापील पान देखणं हवं असेल तर तो मजकूर पुढे झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतून न्यावा लागतो, आणि तिथे फाँट जुळवण्यात एक आख्खा रविवार जातो. या अवजारांचं कौतुक करणारे हा रविवार सांगत नाहीत, म्हणून मी सांगितला.

सगळ्यात अवघड गेला तो जुलै २०१८. त्या पावसात नालासोपाऱ्यापाशी रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, आपल्यापैकी कित्येकांच्या तळमजल्यांत पाणी दिवसेंदिवस राहिलं. ही नोंद कुठल्या शीर्षकाखाली? तारखेने ती रोजकीर्दीची. विषयाने 'न जाणारं पाणी'. पण त्याच दिवसांत नळही बंद होते आणि टँकर वसाहतीत शिरू शकत नव्हता, म्हणजे 'न येणारं पाणी' हेही खरं. आणि घरातलं जे नुकसान झालं ते 'पैसा'. लिओसारखं एकच मूल चार घरांत ठेवण्याचा मोह झाला. आमच्यात वादही झाले. एक बाई म्हणाल्या, चारही ठिकाणी लिहा, साहेबांना विसर नको. मी शेवटी तो एकाच जागी ठेवला आणि बाकीच्या तीन ठिकाणी फक्त दुवा दिला, म्हणजे सरांचं खातेपान. अजूनही मला खात्री नाही की तो निर्णय बरोबर होता. चार जागी वाचला असता तर कदाचित जास्त बोचला असता.

आणखी एक सोय सांगते, जिचा मोह आवरावा लागतो. एखाद्या शीर्षकाला 'छापू नये' अशी खूण लावता येते. ते फाइलमध्ये राहतं, छापील प्रतीत येत नाही. आमच्या फाइलीत अशा शीर्षकाखाली वादाच्या गोष्टी आहेत: कुठली पावती संशयास्पद वाटली, कुणी सांगितलेला आकडा आम्ही का घेतला नाही. छापील निवेदन चोवीस पानांचं झालं, फाइल त्याच्या तिप्पट. माझं मत असं की दस्तऐवजाची खरी प्रत ती मोठीच. मागणाऱ्याला ती देता यायला हवी. आम्ही सीडीवर घालून दिली, ती कुणी उघडली का हे मला कळलेलं नाही.

सगळ्यांनी ईमॅक्स शिकावं असं मी म्हणत नाही. दोन पानी अर्जाला हे सगळं करणं म्हणजे शेंगदाणे फोडायला जातं काढण्यासारखं. मजकूर मोठा असेल, आकडे बदलत राहणार असतील आणि लिहिणारे हात एकाहून जास्त असतील, तरच हा खटाटोप. त्यातही आधी आराखडा, मग तक्ते, मग हिशेब, आणि वाक्यं सगळ्यात शेवटी. उलट केलं की जुनी बासष्ट पानं नव्या अवजारात होतात.

गेल्या महिनाभरात मी सरांची रोजकीर्द याच पद्धतीने संगणकावर उतरवली. त्यांच्या दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. इतक्या वर्षांत बेरजेची एकही चूक नाही, खातेपानाचा एकही रकाना मोकळा नाही. फक्त शेवटच्या पानावर, आजारपणाच्या आधीच्या आठवड्यात, एक नोंद आहे: 'पाऊस नाही. टँकर एक. कुंड्यांना पाणी घातले.' पावसाला खातं आहे, टँकरला आहे. कुंड्यांचं पान खतावणीत नाही, आणि त्या नोंदीपुढे 'खा. पा.' कोरं आहे. मी फाइलमध्ये ती ओळ 'न लावलेल्या नोंदी' या शीर्षकाखाली ठेवली आहे. काकू, कार्यक्रम संपला की दोन मिनिटं थांबा. ती कुठे लावायची ते तुम्हालाच विचारायचं आहे.